कपड्याला पासपोर्ट मिळेल, शिवणारीला काय मिळेल?

भीमजयंती जवळ आली की वस्तीवस्तीतून निळ्या टी-शर्टांची ऑर्डर जाते. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पांढरी साडी, पांढरा सदरा घेतला जातो. पूर्वी ही खरेदी ओळखीच्या दुकानातून व्हायची. आता बरीचशी मोबाइलवर होते. बाबासाहेबांचे चित्र असलेला टी-शर्ट इन्स्टाग्रामवर दिसतो, पैसे ऑनलाइन जातात आणि तीन-चार दिवसांत पार्सल दारात येते.

या सोयीच्या मागे संपूर्ण कपडे उद्योग बदलतो आहे. हा उद्योग सध्या दोन गोष्टी एकाच दमात सांगतो: ‘आम्ही डिजिटल होत आहोत’ आणि ‘आम्ही पर्यावरण जपत आहोत’. या दोन दाव्यांचा नेमका अर्थ काय, त्यात खरे किती, आणि कापूस वेचणाऱ्या, माग चालवणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या आपल्या माणसांच्या पदरात त्यातून काय पडणार, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कपड्याचा प्रवास संगणकावर दिसू लागणे ही चांगली गोष्ट आहे. पण त्या नोंदीत पाणी, वीज आणि कार्बन मोजला गेला आणि कामगाराचा आवाज मात्र आला नाही, तर ती शाश्वतता अर्धवट आहे. हा अर्धवटपणा आपल्या समाजाला सर्वांत आधी भोवतो, म्हणून तो समजून घेण्याची जबाबदारीही आपली आहे.

फॅशन डिजिटल झाली म्हणजे काय झाले?

एखादा नवा शर्ट बाजारात आणायचा तर पूर्वी कागदावर डिझाइन व्हायचे. मग कारखान्यात नमुना शिवला जायचा, तो कुरिअरने परदेशी कंपनीकडे जायचा, तिथून दुरुस्त्या यायच्या, पुन्हा नवा नमुना. आता थ्री-डी सॉफ्टवेअरवर कपडा पडद्यावरच ‘शिवून’ दाखवता येतो. कापड कसे पडेल, खांद्यावर कुठे ताण येईल, हे शिवण्याआधीच दिसते. नमुने कमी लागतात, कापडही वाचते.

दुसरा बदल दुकानात आणि गोदामात झाला. कपड्याच्या लेबलात बारीक आरएफआयडी चिप बसवली की कोणता कपडा कुठे आहे, कोणत्या मापाचा माल संपला, हे लगेच कळते. ‘झारा’ची मूळ कंपनी इंडिटेक्स ही पद्धत कित्येक वर्षे वापरते आहे.

तिसरा बदल छपाईचा. संगणकावरचे चित्र थेट कापडावर किंवा फिल्मवरून टी-शर्टवर उमटवता येते. त्यामुळे एक टी-शर्टसुद्धा छापून देणे परवडते. आपल्या अनेक तरुणांनी ‘जय भीम’ टी-शर्टचा छोटा व्यवसाय याच तंत्रावर उभा केला आहे. भांडवल कमी लागते आणि न विकलेला माल घरात पडून राहत नाही.

चौथा बदल कारखान्याच्या आत झाला आहे. मोठ्या निर्यातदारांच्या कारखान्यांत शिलाई मशीनजवळ टॅब किंवा सेन्सर बसू लागले आहेत. कॉलर जोडायला किती मिनिटे लागावीत, बाही लावायला किती, याचा हिशेब आधीच ठरलेला असतो. कोणती कामगार ठरलेल्या वेळेच्या मागे आहे, हे सुपरवायझरला पडद्यावर त्याच क्षणी दिसते. कंपनीच्या दृष्टीने ही ‘कार्यक्षमता’ असते. मशीनवर बसलेल्या बाईसाठी त्याचा अर्थ असा होतो की पाणी प्यायला किंवा लघवीला उठले तरी पडद्यावर आकडा घसरतो.

म्हणजे तंत्र एकच आहे, पण त्याच्या एका टोकाला कापडाची बचत होते आणि दुसऱ्या टोकाला माणसावरची नजर वाढते.

वेग वाढला, कचराही वाढला

डिजिटल झाल्यामुळे वाया जाणारा माल कमी होईल, असा मूळ दावा होता. काही ठिकाणी तो खराही ठरला. पण एकूण उद्योगाकडे पाहिले तर चित्र उलटे आहे.

एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातले कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्याआधी किती वेळा घातला जातो, हे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा तयार होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ९.२ कोटी टन कापडाचा कचरा होतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांचे डोंगर उभे राहिले आहेत.

‘शीन’ या कंपनीचे उदाहरण घ्या. ही कंपनी नव्या डिझाइनचे आधी फक्त शंभर-दोनशे नग बनवते. मोबाइल अ‍ॅपवर लोक काय बघतात, काय विकत घेतात, यावरून पुढची ऑर्डर ठरते. कागदावर ही आदर्श पद्धत वाटते, कारण न खपणारा माल बनतच नाही. पण अशी हजारो नवी डिझाइन सतत बाजारात आली आणि माल विमानाने जगभर पाठवला गेला, की बचत कुठल्या कुठे वाहून जाते. कंपनीच्याच अहवालानुसार २०२३ मध्ये तिचे कार्बन उत्सर्जन जवळपास दुप्पट होऊन १.६ कोटी टनांच्या वर गेले. भारतात या अ‍ॅपवर २०२० मध्ये बंदी आली होती. २०२५ मध्ये ते रिलायन्स रिटेलच्या माध्यमातून परत आले.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तंत्रज्ञानाने एका कपड्यामागचा अपव्यय कमी होऊ शकतो, पण त्याच तंत्रज्ञानाने दहा पट कपडे विकले तर पृथ्वीवरचा भार वाढतोच. तृष्णा हे दुःखाचे कारण आहे, असे तथागतांनी सांगितले. आज ती तृष्णा मोजून, तिला खतपाणी घालून, दर काही तासांनी मोबाइलवर सूचना पाठवून ती जागी ठेवणारी यंत्रणा उभी आहे. धम्म मानणाऱ्या तरुणाने ही यंत्रणा ओळखायला हवी.

कपड्याचा डिजिटल पासपोर्ट

या गोंधळाला आवर घालण्यासाठी युरोपियन युनियनने एक कायदा केला आहे. तो १८ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्याचे दोन भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करण्यास १९ जुलै २०२६ पासून मनाई. दुसरा, ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’. म्हणजे कपड्यावर क्यूआर कोडसारखी खूण असेल. ती स्कॅन केली की कपडा कशाचा बनला आहे, किती टिकेल, दुरुस्त होईल का, त्यात पुनर्वापर केलेला धागा किती, कोणती घातक रसायने आहेत, अशी माहिती मिळेल. कपड्यांसाठीचे तपशीलवार नियम टप्प्याटप्प्याने यायचे आहेत.

युरोपात माल पाठवणाऱ्या प्रत्येक भारतीय कारखान्याला ही माहिती द्यावी लागणार. म्हणजे तिरुपूरच्या होजिअरीपासून ते सूतगिरणीपर्यंत, जिनिंगपर्यंत आणि शेवटी कापसाच्या शेतापर्यंत नोंदी ठेवाव्या लागतील. आपल्याकडे त्याची सुरुवात झालीही आहे. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या योजनेत कापसाच्या गाठीला क्यूआर कोड लावून ब्लॉकचेन पद्धतीने तिचा माग ठेवला जातो. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी सुरू केली.

इथे थोडे थांबून विचार करू. अशी नोंद करायला सातबारा लागतो, आधार लागतो, स्मार्टफोन लागतो. विदर्भ-मराठवाड्यात दुसऱ्याची जमीन ठोक्याने किंवा बटईने करणारे शेतकरी आहेत. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पीक त्यांनी काढले तरी नोंद दुसऱ्याच्या नावावर होते. कापूस वेचणाऱ्या बायकांना किलोमागे मजुरी मिळते. त्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाहीत. ‘हा कापूस अमुक गावातून आला’ एवढे पासपोर्ट सांगेल, पण तो कोणी वेचला आणि तिला किलोमागे किती रुपये मिळाले, ही माहिती त्यात नसेल.

शहरातही असेच आहे. मुंबईत धारावी, गोवंडी, मालवणी अशा भागांत हजारो घरांत धागा कटिंग, बटण लावणे, टिकल्या-मणी लावणे ही कामे पीस रेटवर चालतात. माल कारखान्याच्या नावाने जातो. कारखान्याच्या हजेरीपटावर या बायकांचे नाव नसते. जिचे नाव कागदी रजिस्टरवर कधी आले नाही, तिचे नाव डिजिटल रजिस्टरवर आपोआप कसे येणार?

युरोपच्या या कायद्याचा भर पर्यावरणावर आहे. कामगारांच्या हक्कांचे निकष त्यात सध्या नाहीत. ते पुढे घ्यायचे की नाही, याचा विचार नंतरसाठी ठेवला आहे. पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांबाबत युरोपने २०२४ मध्ये वेगळा कायदा केला, पण तो लागू होण्याआधीच २०२५ मध्ये त्याची व्याप्ती कमी करण्याची प्रक्रिया सुरू झाली. थोडक्यात, धाग्याची कुंडली तयार होते आहे आणि कामगाराची रांगेत मागे आहे.

लेबले ढिगाऱ्यात शोधावी लागली

माहिती उघड असणे किती महत्त्वाचे आहे, हे बांगलादेशात जगाने पाहिले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. इमारतीतली बँक बंद ठेवली गेली, पण कपडे शिवणाऱ्या कामगारांना कामावर बोलावले गेले. ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य तरुण मुली आणि स्त्रिया होत्या.

त्यानंतर जे घडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. या इमारतीत कोणत्या परदेशी कंपन्यांचा माल शिवला जात होता, हे सांगायला सगळ्या कंपन्या पुढे आल्या नाहीत. कामगार कार्यकर्त्यांनी ढिगाऱ्यात उतरून कपड्यांची लेबले गोळा केली आणि ती पुरावा म्हणून दाखवली. पुढे जनमताच्या दबावामुळे अग्नी आणि इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला.

आज कित्येक कंपन्या आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर करतात. ‘ओपन सप्लाय हब’ या खुल्या संकेतस्थळावर जगभरचे कारखाने नकाशावर दिसतात. कोणता कारखाना कोणत्या कंपनीसाठी काम करतो, हे तिथे शोधता येते. कारखान्यात अन्याय झाला तर कोणत्या ब्रँडला जाब विचारायचा, हे आता काही वेळा मोबाइलवर कळू शकते. डिजिटल बदलाची ही बाजू आपल्या बाजूची आहे आणि ती आपण वापरली पाहिजे.

धोट्याचा धडा

पण नुसते तंत्र आले म्हणून न्याय येत नाही, हे आपल्या समाजाला मुंबईच्या गिरण्यांनी फार पूर्वी शिकवले आहे.

त्या काळी गिरण्या हे सर्वांत आधुनिक तंत्र होते. वाफेवर, पुढे विजेवर चालणारी यंत्रे होती. जुनी गावगाड्याची बंधने इथे तुटतील, असे वाटावे असे ते ठिकाण. तरी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? मागावरच्या धोट्यात नवी कांडी भरली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण कसा वापरायचा, ही सवर्ण कामगारांची हरकत. विणकाम खात्यात पगार जास्त होता. आपल्या माणसांना कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत काम करावे लागले.

१९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागता, तर आधी कामगारांमधला हा भेद मिटवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास, महिला कामगारांचे हक्क, कामगार कल्याण यांसाठी त्यांनी कायद्याची वाट धरली.

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो: यंत्राला जात नसते, पण यंत्र ज्या समाजात बसते त्या समाजाची जात त्या यंत्राच्या वापरात उतरते. धोट्याच्या भोकाएवढ्या जागेतून जात गिरणीत शिरली. मग कोणाची नोंद करायची, कोणते प्रश्न विचारायचे, कोणते गाळायचे हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती शिरणार नाही, असे गृहीत कसे धरता येईल? पासपोर्टच्या रकान्यात जातिभेदाची तक्रार नोंदवायची जागाच नसेल, तर कागदोपत्री जातिभेद नसल्याचेच सिद्ध होईल.

दिंडीगुलने दाखवलेला रस्ता

मग काय केले म्हणजे उपयोग होतो? याचे उत्तर तामिळनाडूतल्या एका लढ्यात सापडते.

दिंडीगुल जिल्ह्यातल्या एका निर्यातदार कापड कारखान्यात काम करणाऱ्या विशीतल्या एका दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. आरोपी तिचा सुपरवायझर होता. कारखान्यातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी त्यानंतर मोठ्या प्रमाणात बाहेर आल्या. या कारखान्याचा माल जगप्रसिद्ध ब्रँड घेत होते आणि त्यांचे तपासनीस अशा कारखान्यांच्या तपासण्या करतच असतात. तपासणीचे अहवाल, गुणांकन, प्रमाणपत्रे असतानाही तिथल्या मुलींची भीती कोणत्याही रकान्यात उतरली नव्हती.

लढा उभा केला तो दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील ‘तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन’ या संघटनेने. आशियातल्या आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांना सोबत घेऊन एप्रिल २०२२ मध्ये ‘दिंडीगुल करार’ झाला. कारखाना, संघटना आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच यांसारख्या खरेदीदार कंपन्या यांना बांधणारा हा करार होता. लिंगभेद आणि जातिभेद या दोन्हींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कामगारांमधूनच प्रशिक्षित निरीक्षक नेमायचे, त्यांनी छळाच्या तक्रारी पुढे न्यायच्या, स्वतंत्र समितीने निवाडा करायचा आणि कारखान्याने तो पाळला नाही तर खरेदीदाराने त्याचे परिणाम घडवायचे, अशी त्याची रचना आहे.

हा करार कोणत्याही अ‍ॅपने केला नाही. त्यासाठी संघटना लागली, बोलायचे धाडस लागले. माहितीचा उपयोग नक्कीच झाला, कारण माल कोणाकडे जातो हे माहीत असल्यामुळेच ब्रँडना टेबलावर बसवता आले. पारदर्शकतेचा उपयोग होतो तो संघटित माणसाच्या हातात ती पडल्यावर. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या क्रमात डिजिटल नोंद ही ‘शिका’ची पायरी आहे. पुढच्या दोन पायऱ्या आपल्यालाच चढायच्या आहेत.

‘कमी कपडे वापरा’ हे आपल्याला कोणी सांगावे?

शाश्वत फॅशनची चर्चा बऱ्याचदा ‘कमी घ्या, जुने वापरा’ या सल्ल्यावर येऊन थांबते. आपल्या समाजाला हा सल्ला देताना इतिहास विसरून चालत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. नवे, स्वच्छ, अंगभर कपडे घालणे हा शतकानुशतके आपल्यासाठी गुन्हा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, नीटनेटके राहा. त्यांचा स्वतःचा कोट आणि टाय हीदेखील एक भूमिका होती. म्हणून आपल्या आईने लग्नाला नवे लुगडे घेतले किंवा मुलाने पहिल्या पगारात चांगला शर्ट घेतला, तर त्याला कोणी चंगळवाद म्हणू नये.

पण या इतिहासाच्या शेजारीच धम्माची एक परंपराही आहे. भिक्खू संघात पांसुकूल चीवर होते. टाकून दिलेल्या, स्मशानातल्या चिंध्या धुऊन, रंगवून, जोडून केलेले हे वस्त्र. एकाच प्रकारच्या कापडाचे हे दोन टोकांचे अर्थ आहेत. मनूने ते लादले, त्यात अपमान होता. संघाने ते स्वेच्छेने स्वीकारले आणि राजेही त्या वस्त्रापुढे झुकले. फरक कापडात नव्हता, निवड कोणाची होती यात होता.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खू आनंद आणि कोसंबीचा राजा उदेन यांची गोष्ट आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढी वस्त्रे घेऊन हे काय करणार? आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची चादर करू. जुन्या चादरींचे? गादीची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्यानंतर पाय पुसणे, त्यानंतर धूळ झटकायचे फडके. आणि शेवटी ते फडके कुटून, चिखलात मळून, जमीन सारवायला वापरू. समाधान झालेल्या राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आज उद्योग ज्याला ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ म्हणतो, त्याचा इतका साधा आणि पूर्ण हिशेब दुसरीकडे क्वचित मिळेल. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या तेव्हा त्या हेच करत होत्या. आणि जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या कचरावेचक बायका, पानिपतमध्ये जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून सूत काढणारे कामगार, हे या देशातल्या शाश्वततेचे खरे कारागीर आहेत. जुन्या कपड्यांची खरेदी-विक्री करणारी नवी अ‍ॅप येत आहेत. त्यांनी या लोकांना सोबत घेतले पाहिजे. त्यांचे काम हिसकावून त्याला ‘हरित स्टार्टअप’ म्हणणे हा अन्याय आहे.

आपण काय करू शकतो?

*जयंतीचे टी-शर्ट:* मंडळांनी टी-शर्टवर वर्ष आणि प्रायोजकाचे नाव छापणे बंद करावे. ज्या टी-शर्टवर साल असते, तो पुढच्या जयंतीला कोणी घालत नाही. आधी ऑनलाइन फॉर्म भरून घ्या, मापे आणि संख्या पक्की करा, मगच ऑर्डर द्या. पॉलिस्टरऐवजी सुती कापड मागा. शक्य तिथे वस्तीतल्या शिलाई करणाऱ्या महिला गटाला काम द्या आणि ठरलेली मजुरी वेळेवर द्या.

*टी-शर्टचा व्यवसाय करणारे तरुण:* आपल्या पेजवर एवढे तरी लिहा: कापड कुठले, शिलाई कुठे झाली, छपाई कोणी केली, मजुरी किती दिली. मोठ्या कंपन्या टाळतात ती माहिती आपण स्वतःहून दिली, तर तोच आपला पासपोर्ट. बाबासाहेबांचे चित्र ज्या कापडावर आहे, ते कमी मजुरीत शिवलेले नसावे. सम्यक आजीविकेचा अर्थ यापेक्षा वेगळा काय?

*घरकाम करणाऱ्या महिला:* धागा कटिंग किंवा टिकली लावण्याचे काम करणाऱ्या आई-बहिणींना मोबाइलवर हिशेब ठेवायला शिकवा. माल आला त्या दिवसाचा फोटो, नगांची संख्या, ठरलेला दर, मिळालेले पैसे. ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंदणी करून घ्या. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा असेल.

*विद्यार्थी:* संगणकावर पॅटर्न काढणे, थ्री-डी डिझाइन, पुरवठा साखळीतल्या नोंदी तपासणे या कामांना येत्या काळात माणसे लागणार आहेत. आयटीआय आणि फॅशन तंत्रज्ञानाच्या संस्थांमध्ये आपल्या मुलामुलींनी हे शिकावे. पूर्वी धोट्यापासून दूर ठेवले गेले, आता सॉफ्टवेअरपासून दूर राहायचे नाही. नोंदीचे रकाने ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस असला पाहिजे.

*विहार:* महिन्यातून एक रविवार दुरुस्तीचा ठेवता येईल. चेन, बटण, उसवलेली शिवण, अल्टर. कपडे वाटप करायचे तर ते धुऊन, इस्त्री करून मांडावे आणि घेणाऱ्याला स्वतः निवडू द्यावे. देणाऱ्याचा फोटो काढू नये.

*कार्यकर्ते आणि संघटना:* एक मागणी ठामपणे मांडायला हवी. केंद्र सरकार, निर्यातदार आणि परदेशी ब्रँड जेव्हा ‘ट्रेसेबिलिटी’ची भाषा करतात, तेव्हा त्या नोंदीत प्रत्यक्ष दिलेली मजुरी, कामाचे तास, संघटनेचे अस्तित्व, लैंगिक छळाच्या आणि जातिभेदाच्या तक्रारी व त्यांचा निकाल हे रकाने असावेत. घरून काम करणाऱ्या आणि ठेकेदाराकडच्या कामगारांचीही त्यात गणना व्हावी. कामगाराने दिलेली माहिती तिची नोकरी न जाता देता यावी आणि त्या माहितीवर तिच्या संघटनेचा हक्क असावा. जमीनमालकाऐवजी दुसरा कसत असेल, तर त्याचेही नाव कापसाच्या नोंदीत यावे.

प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीतून उभी राहते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण वंदनेत आणि प्रवचनांत ऐकतो. अंगावरचा टी-शर्टही तसाच उभा राहतो: वेचणारी, कातणारा, विणणारा, रंगवणारा, शिवणारी, धागा कापणारी, पार्सल आणणारा. क्यूआर कोडने ही साखळी पहिल्यांदाच सर्वांना दिसण्याची शक्यता निर्माण केली आहे. ती पूर्ण दाखवायची की तिच्यातली माणसे गाळून दाखवायची, याचा निर्णय येत्या काही वर्षांत नियम ठरताना होईल. तो होत असताना आपण संघटित होऊन हजर असले पाहिजे.

नमो बुद्धाय, जय भीम.